सावधानमध्ये घेतलेली मापं

माझ्या नवऱ्याची कंबर चाळीस इंच आहे. हे मी शिवणारी बाई म्हणून सांगते. बायको म्हणून सांगायचं तर दिवाळीनंतर ती बेचाळीसही होते. सरकारी नोंदीत मात्र ती छत्तीस आहे, आणि त्या चार इंचांनी आमच्या घरात जो उच्छाद मांडला तो कोणीतरी लिहून ठेवलाच पाहिजे. नवरा लिहिणार नाही. म्हणून मीच बसली.

यवतमाळात आमचं घर पिढ्यानपिढ्या कचेरीत जाणाऱ्यांचं. सासरे कारकून, दीर कारकून, नवराही कारकून. पण नवऱ्याला तरुणपणी कोण जाणे काय सुचलं, तो एका दलातही भरती झाला. दलाचं नाव मी सांगणार नाही. वर्दीतल्या माणसांशी वाकडं घेऊ नये, आणि एकाशी तर माझं लग्नच झालंय. निवडणूक आली, विसर्जन आलं, कुठं मोठी जत्रा भरली की यांना बोलावणं येतं. मग आमचा कारकून खाकी चढवतो आणि चौकात उभा राहतो. फायलींवर ज्याचा आवाज निघत नाही तो माणूस तिथं ट्रकवाल्यांवर असा काही गरजतो की मला आपला नवरा तोच का, अशी शंका येते.

आता त्या खाकीचं ऐका. दलाच्या भांडारात लोखंडी पेट्या होत्या आणि त्यात दोनच मापाचे गणवेश असायचे, एक ढगळ आणि एक संपलेला. माणूस निवृत्त झाला की त्याचा गणवेश पेटीत जमा, आणि पेटीतून दुसऱ्याच्या अंगावर. नवऱ्याला पहिली पॅन्ट मिळाली ती कोण्या ताडमाड माणसाची होती. मी ती खालून इतकी दुमडली की पायाशी कापडाची वळकटी झाली. एका शर्टाच्या खिशावर रफू होता. नवरा पाहुण्यांना तो रफू कौतुकानं दाखवायचा आणि पाहुणे गोळीबिळी समजून गप्प बसायचे. मला तो विडीचा चटका वाटायचा, पण मी बोलत नसे. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या कपड्यात उभा राहिला.

यंदा त्याचं दलातलं वय संपणार होतं. जानेवारीअखेर निवृत्ती. पण त्याआधी सव्वीस जानेवारीची परेड होती, आणि ज्येष्ठ म्हणून तुकडीच्या पुढं एकट्यानं चालायचा मान त्याला मिळाला होता. मंचासमोर आलं की त्यानं 'दाहिने देख' म्हणून हुकूम द्यायचा आणि मागच्या सगळ्यांनी माना वळवायच्या. दिवाळीपासूनच तो गच्चीवर सराव करायला लागला. शेजारणीनं मला विचारलं, काय वं, तुमच्याकडं रोज सकाळी कोणाले बोलावून राह्यले? मी म्हटलं, देशाले.

त्याच सुमारास सरकारनं ठरवलं की आता प्रत्येक जवानाला त्याच्या मापाचा नवा गणवेश द्यायचा. सरकार ठरवतं म्हणजे काय होतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलं. निविदा निघाली, ती नागपूरच्या एका मोठ्या कंत्राटदारानं घेतली, आणि आपल्या जिल्ह्याचं शिवणकाम त्यानं आमच्याकडं दिलं. आमच्याकडं म्हणजे लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी आणि काही बाया मिळून चालवतो त्या शिवणघराकडं. तोवर आम्ही शाळेचे फ्रॉक आणि दवाखान्याच्या चादरी शिवत होतो. जवानाची पॅन्ट म्हणजे आमच्यासाठी फार मोठी मजल होती.

पहिल्यांदा आला तो नमुना. एक शर्ट, एक पॅन्ट, त्यांना सुतळी, सुतळीला लाखेची सीलं. यात जसं आहे तसंच शिवायचं, टाका कमी नको आणि टाका जास्त नको. आमच्याकडं तांड्यावरून येणारी एक बाई आहे, कापडावर हात फिरवून धाग्याची जात सांगणारी आणि त्याहून जास्त देवभोळी. तिनं मोठं काम आलं म्हणून नमुन्याला हळदकुंकू वाहिलं. काही कुंकू शर्टाच्या कॉलरवर सांडलं. पुढं तपासणीचे साहेब आले तेव्हा त्यांनी भिंगातून ते लाल ठिपके बराच वेळ पाहिले आणि हे मूळ नमुन्यात होते काय, असं गंभीरपणे विचारलं. मी घाईनं नाही म्हटलं, नाहीतर अख्ख्या दलाच्या कॉलरला कुंकू लावावं लागलं असतं.

हे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण पट्टीशिवाय त्यांना काही दिसत नसे. शिवणीच्या आतलं जादा कापड ते पट्टीनं मोजायचे. आपल्याकडं कुठलाही शिंपी पॅन्टच्या मागं शिवणीत आत चार बोटं कापड ठेवतोच, माणूस सुधारला तर उसवून मोठी करता यावी म्हणून. साहेबांनी ते बंद करवलं. नमुन्यात नाही, म्हणजे नाही. आणि खाकी कधी ट्यूबलाईटखाली पारखायची नाही, दारात उन्हात नेऊन पारखायची, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं.

मग मापं. दलाच्या मैदानावर एका सकाळी शिबिर लागलं. केळापूरपासून मुकुटबनपर्यंतचे जवान एसटीनं, मोटरसायकलींवर आले. दोन टेबलं मांडली होती. नवऱ्याचं माप मीच घेतलं तर बाया हसतील आणि बाकीचे वशिला म्हणतील, म्हणून त्याला मी तांड्यावरच्या बाईच्या टेबलाकडं पाठवलं. आणि खरा घोळ तिथंच झाला. समोर खुर्चीत दलाचे मोठे अधिकारी बसले होते. साहेब समोर असताना जवानानं सैल उभं राहायचं नसतं. त्यात माझा नवरा सगळ्यांत ज्येष्ठ. त्यानं रांगेकडं एकदा पाहिलं आणि सवयीनं, गच्चीवर कमावलेल्या आवाजात, हुकूम दिला.

"सावधान!"

झालं. मैदानावरच्या सगळ्या छात्या बाहेर आल्या आणि सगळी पोटं आत गेली. 'विश्राम' म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. आमच्या बाया टेप घेऊन फिरल्या. तांड्यावरच्या बाईनं दोघातिघांना सांगूनही पाहिलं, भाऊ, जरा ढिले व्हा. पण ते साहेबांकडं पाहत पुतळ्यासारखे उभे. शेवटी तिनं "याडी!" म्हणून आपल्या बोलीत आईला हाक मारली आणि टेप म्हणेल तसं लिहवलं. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून आकडे लिहीत होती आणि मनात म्हणत होती, काय कमावलेली शरीरं आहेत आपल्या जिल्ह्यात! शेवटी मोठ्या अधिकाऱ्यांनीही तसंच पोट आत घेऊन माप दिलं. प्रत्येक आकड्यापुढं जवानाची सही झाली, खाली त्यांची.

महिन्याभरानं कापलेल्या पॅन्टचे गठ्ठे मशीनवर आले तेव्हा एका चिठ्ठीवर मला नवऱ्याचं नाव दिसलं. कंबर छत्तीस. मी चष्मा पुसला. छत्तीसच. बावा, ही कंबर मी आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलेली नाही.

संध्याकाळी मी विषय काढला. तो उखडलाच. टेप काय खोटी बोलते काय, तुमच्याच बाईनं मोजलं, साहेबांनी सही केली. मी म्हटलं, टेप नाही, तुमी श्वास रोखलता. तर म्हणे जवान असाच उभा असतो, परेडमध्ये काय पोट सोडून चालायचं आहे? आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. याची खोटी, तर याच्या हुकमावर उभे असलेल्या सगळ्यांचीच खोटी.

मी तपासणीच्या साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, नोंदीवर जवानाची सही आहे. आता बदल करायचा तर वरून मंजुरी लागेल, त्याला सव्वीस जानेवारी निघून जाईल, आणि प्रत्येकाला लिहून द्यावं लागेल की आधी दिलेलं माप चुकीचं होतं. मी म्हटलं, पण साहेब, कपडे बसणार नाहीत. त्यावर ते जे बोलले ते मी आमच्या शिवणघरात फ्रेम करून लावणार होती.

"कपडा नोंदीशी जुळतो का, ते मी पाहतो. माणसाशी जुळवणं माझ्याकडं नाही."

आम्ही शिवलं. नोंदीनुसार, नमुन्यानुसार, आत चिमूटभर जादा कापड न ठेवता. माल एका फेरीत पास झाला. साहेबांनी पाठ थोपटली. एवढं सुबक आणि एवढं निरुपयोगी काम आम्ही पूर्वी कधी केलं नव्हतं.

वाटपाच्या दिवशी मी मुद्दाम गेली. मला वाटलं होतं, आता बोंब होणार. कसचं काय! प्रत्येकानं जुना गणवेश जमा केला, कारण त्याशिवाय नवा मिळत नव्हता. नवा हातात घेतला, पडद्याआड गेला, बऱ्याच वेळानं लालबुंद होऊन बाहेर आला आणि 'माप बरोबर आहे' यावर सही करून गेला. एकही बोलला नाही. बोलणार कसा? बोलणं म्हणजे पोट कबूल करणं. नवरा तर घरी येऊन म्हणाला, पाहिलं? कोणाची तक्रार आली काय? मग तूच काहून डोकं खाऊन राह्यली?

त्याची पॅन्ट कंबरेशी चार इंच उघडी राहत होती. जुनी गेली होती. नवी बसत नव्हती. वर्दीशिवाय परेडमध्ये कोणी उभं करत नाही, आणि ही त्याची शेवटची परेड होती. मी म्हटलं, द्या इकडं, मागून उसवून कळी घालते. कळी म्हणजे शिवण उघडून मध्ये बसवायचा त्रिकोणी तुकडा. मिनिटांचं काम. तर म्हणाला, सगळ्या तुकडीत माझीच एकट्याची ठिगळाची? आणि मी त्यांच्या पुढं चालू? आयुष्यभर दुसऱ्याची घातली, आता एकदा माझी स्वतःची मिळाली, तर तीही फाडून जोडू? हे बोलताना त्याचा आवाज जरा फाटला. मी कात्री परत डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशीपासून त्यानं भात सोडला. मग पोळी अर्धी केली. सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यानं असा काही चालायचा की दूधवाले थांबून विचारायचे, साहेब, काही हरवलं काय. संध्याकाळी नुसतं ताक पिऊन बसायचा आणि माझ्या ताटाकडं पाहायचा. त्याच्यासमोर भजी खाणं मला पाप वाटायला लागलं. मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाऊन घ्यायची.

आणि इकडं शिवणघरात वेगळीच मजा सुरू झाली. एका दुपारी मुकुटबनचा एक जवान मागच्या दारानं आला. हातात पिशवी, पिशवीत वरून वांगी, खालून पॅन्ट. इकडंतिकडं पाहत म्हणाला, "वहिनी, माह्यी एकट्याचीच बसून नाही राह्यली. कोणाले सांगू नका. तुमच्या घरच्यांना तर बिलकुलच नाही." एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. त्यानं मला मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. दसऱ्याला आम्ही मशीन पुजतो, तिच्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडायची माझी छाती नाही. मी शब्द दिला.

तो समोरच्या दारानं गेला आणि मागच्या दारानं केळापूरचा आला. त्याचीही एकट्याचीच. मग तिसरा, मग चौथा. आठवडाभर आमच्या मागच्या दाराशी रीघ लागली, आणि दोघं एकाच वेळी आले तर दोघंही आपण रस्ता चुकल्याचं दाखवून परत जायचे. मोठ्या अधिकाऱ्यांची पॅन्ट एका शिपायाच्या हातून आली, कोण्या पाहुण्याची म्हणून. प्रत्येकानं शपथ घेववली, प्रत्येकानं माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका म्हणून बजावलं, कारण तो कसा तंदुरुस्त, त्याच्यापुढं लाज वाटते. मी मशीनवर हात ठेवून ठेवून दमली. तांड्यावरची बाई तर तोंडात पदर कोंबून बसायची.

कापडाचं कातरण कंत्राटदारानं वजन करून परत नेलं होतं, म्हणून कळ्यांसाठी मी बाजारातून खाकी आणली. ट्यूबलाईटखाली धरून पाहिली. अगदी तीच वाटली.

आता माझी अवस्था पाहा. घरी नवरा उपाशी. मी एक वाक्य बोलली असती, अवं बावा, सगळ्यांच्याच उसवल्या, तर त्याच रात्री तो भात जेवला असता. पण शब्द दिलेला. एकदा तर मी पोळपाटाशी पुटपुटली, कोणी कोणी घालूनही घेते कळी. तर लगेच म्हणे, कोण? नाव सांग. मी लाटणं जोरात फिरवलं.

सव्वीस तारखेच्या सकाळी तो तयार व्हायला बसला. उपासानं पोट उतरलं होतं, नाही असं नाही. श्वास आत ओढून, मी मागून आणि त्यानं पुढून ओढून, हूक एकदाचा लागला. तो आरशासमोर उभा राहिला. खरं सांगते, देखणा दिसत होता. स्वतःच्या खांद्याचा शर्ट, स्वतःच्या उंचीची पॅन्ट, छातीवर स्वतःचं नाव. त्याचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं.

मग त्यानं हुकूम म्हणून पाहिला. आणि आवाजच निघाला नाही. निघणार कसा? हुकूम द्यायचा तर पोटात हवा भरावी लागते, आणि हवा भरायला त्या पॅन्टमध्ये जागा कुठं होती? त्यानं पुन्हा प्रयत्न केला. 'दाहिने' एवढंच बारीक निघालं आणि हूक उडून आरशावर आपटला.

तो पलंगावर बसला. थोड्या वेळानं त्यानं पॅन्ट काढली, घडी केली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. माझ्याकडं न पाहता म्हणाला, घाल. मी शिवत असताना चड्डीवर माझ्या बाजूला उभा राहून त्यानं एकच प्रश्न विचारला.

"बाकीच्यांच्या चांगल्या बसल्या ना?"

"नोंदीनुसार शिवल्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

मैदानावर मी आमच्या बायांसोबत पुढच्याच रांगेत बसली. तुकडी आली. पुढं एकटा तो. मंचासमोर येताच त्यानं असा हुकूम दिला की माझ्या मागचं एक लेकरू दचकून रडायला लागलं. माना वळल्या, पाय एकसाथ पडले, आणि माझा ऊर भरून आला. मग तुकडी पुढं निघून गेली, आम्हाला पाठ झाली, आणि तांड्यावरच्या बाईनं माझं मनगट धरलं.

जानेवारीचं कोवळं ऊन सरळ त्यांच्या पाठीवर पडलं होतं. सरकारी खाकी एका रंगाची, बाजारातली जरा पिवळट. प्रत्येकाच्या पट्ट्याखाली एक त्रिकोण. ओळच्या ओळ त्रिकोणांची, डावा पाय, उजवा पाय, हलत निघाली होती. मागचा पुढच्याचा पाहत होता, त्याच्या मागचा त्याचा. हळूहळू शेवटच्या रांगेचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना सगळ्यांचं कळलं. एकट्या त्याला कळलं नाही, कारण तो सगळ्यांच्या पुढं होता. त्याला फक्त मागून येणारं दबलं हसू ऐकू येत होतं.

परेडनंतर मैदानाच्या बाजूला चहा आणि बुंदी होती. मी त्याला शोधलं तर तो भिंतीला पाठ टेकून उभा. चहा आणायलासुद्धा हलेना. मी जवळ गेली. तो समोर पाहत म्हणाला, "शेवटच्या दिवशी माह्यावर हसले वं सगळे." इतक्या वर्षांत मी त्याला इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मशीनची शपथ गेली खड्ड्यात, असं मनात म्हणून मी तोंड उघडलं.

पण तेवढ्यात मुकुटबनचा आला. ज्येष्ठ माणूस निवृत्त होतोय म्हणून तो पाया पडायला वाकला. वाकलेल्या माणसाची पाठ वरून नीट दिसते. नवऱ्याची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली. मुकुटबनचा उठला, मागून केळापूरचा वाकला. मग तिसरा. मग रांगच लागली. आशीर्वादाचा हात तसाच हवेत धरून तो एकेकाचा त्रिकोण पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं एकेक ओझं उतरताना मी पाहत होती. शेवटचा उठला तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मी शपथेत होती," मी म्हटलं.

त्यानं भिंत सोडली, सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, पोटभर श्वास घेतला आणि त्याचा दलातला शेवटचा हुकूम दिला.

"पीछे... मुड!"

बुंदीचे द्रोण हातात घेऊन सगळी तुकडी खाडकन वळली. सगळ्यांच्या घरच्या माणसांपुढं सगळ्यांच्या पाठी आल्या. सर्वांत शेवटी तो स्वतः वळला, सावकाश, आणि तसाच उभा राहिला. आधी बाया हसल्या, मग लेकरं, मग जवान स्वतःच, पाठमोरे, खांदे उडवत. चहाच्या टेबलाजवळ मोठे अधिकारी तेवढे आमच्याकडं तोंड करून घट्ट उभे होते, आणि त्यांना तसं काहून उभं राहावं लागलं ते मला माहीत होतं.

मी हसता हसता पदरानं डोळे पुसले. चार पावलांवर माझा नवरा पाठ करून उभा होता, पोट सैल सोडून, आणि पॅन्ट त्याला अगदी मापात बसली होती.